घासलेली कड

शनिवारी सकाळी आमच्या मागच्या रस्त्यावर गराज सेल लागला होता. स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये घरं बदलणारी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या ड्राइव्हवेवर टेबलं मांडलेली दिसतातच. आत्या सावंतवाडीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. मोती तलावाभोवती रोज फेरी मारायची तिची जुनी सवय इथल्या तळ्याकाठच्या लाकडी वाटेवरही सुटलेली नाही. फेरी संपवून येताना ती कुंड्या बघायला थांबली आणि मला बिस्किटांचा एक गंजका डबा दिसला. आत कसिनोच्या बासष्ट चिपा होत्या. किंमत वीस डॉलर. विकणाऱ्या गृहस्थांनी डब्याबरोबर हकिकतही सांगितली: चिपा त्यांच्या वडिलांच्या, आणि वडील १९८०च्या दशकात ब्रिस्बेनच्या फॉर्टिट्यूड व्हॅलीतल्या एका चोरट्या जुगारअड्ड्यावर कामाला होते.

घरी आल्यावर मी डायनिंग टेबलावर जुना टॉवेल अंथरला. दागिने तोलायचा छोटा काटा, व्हर्नियर, भिंग आणि लोहचुंबक काढलं. आत्या चहाचे कप घेऊन समोर बसली आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत आमचा वाद चालला.

“जुगाराची नाणी घरात कशाला आणलीस?” तिने सुरुवातच अशी केली.

“नाणी नाहीत ती, आत्या. नाणं सरकार पाडतं आणि ते सगळ्या बाजारात चालतं. चिप म्हणजे एका घराने दिलेला शब्द. परत आणून दिलीस तर एवढे पैसे देईन, एवढंच ती म्हणते. शब्द मागे घेतला की चिप रिकामी. लास व्हेगासच्या बेलाजिओ कसिनोत डिसेंबर २०१०मध्ये हेल्मेट घातलेला एक माणूस मोटरसायकलवरून आला आणि सुमारे पंधरा लाख डॉलरच्या चिपा लुटून गेला. त्यात पंचवीस-पंचवीस हजारांच्या होत्या. कसिनोने काय केलं, तर पंचवीस हजारांची ती मालिकाच बंद केल्याचं जाहीर केलं. अमुक तारखेपर्यंत आणा, नंतर त्या चालणार नाहीत. चोराच्या हातात रंगीत चकत्या उरल्या.”

“म्हणजे हुंडी. पण जिच्यावर कुणाचं नाव नाही अशी.”

“हो, ज्याच्या हातात त्याची. म्हणून तर ती ओळखता यावी, खोटी करता येऊ नये, यासाठी बनवणाऱ्यांनी डोकं चालवलं. मला तेच जपायचंय. बाबांनी मला शिवराया ओळखायला शिकवल्या ते तुला आठवतं? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. वर्षानुवर्षं एकच मजकूर, पण अक्षराचं वळण वेगळं, ठिपक्यांची जागा वेगळी, वजन थोडं कमीजास्त. बाबा आधी नाण्याचं वजन करायचे, मग वाचायचे. गोष्ट सगळ्यांत शेवटी विचारायचे. मी या चिपांचंही तेच करणार.”

“शिवराईने माणसाने मीठ घेतलं, तेल घेतलं. याने काय घेतलं?”

मी उत्तर दिलं नाही. पहिली चिप काट्यावर ठेवली.

काट्यावर आकडा आला ११.४. दुसरी ११.५. तिसरी तेवढीच. लोहचुंबक जवळ नेलं तर चिप टुणकन चिकटली. टॉवेल बाजूला करून लाकडावर टाकली तर टण असा आवाज आला.

“बघ आत्या, ही व्हॅलीतली असणं शक्य नाही. यात पोटात लोखंडाची चकती आहे आणि वरून प्लास्टिक ओतलंय. जुन्या अमेरिकी धाटणीची कसिनोची चिप साधारण आठ ते दहा ग्रॅमची असते. तिला ‘क्ले’ म्हणतात, पण ती कुंभाराची माती नव्हे. माती, इतर खनिजं आणि त्यांना धरून ठेवणारा पदार्थ साच्यात घालून उष्णतेखाली दाबलेला असतो. तिचा आवाज बसका असतो, टाळाला हात लावून वाजवल्यासारखा. ही ११.५ ग्रॅमची जात घरी पत्ते खेळणाऱ्यांसाठी. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी हिशेबनीस पोकरची जागतिक स्पर्धा जिंकला. तो इंटरनेटवरून पात्र ठरला होता. त्यानंतर पोकरची लाट आली आणि ॲल्युमिनियमच्या पेटीत पाचशे-पाचशे चिपांचे संच घरोघरी गेले. पेटीवर ‘कसिनोचं वजन’ असं छापायचे. लोकांना वाटलं जड म्हणजे खरी.”

“अशा किती आहेत?”

चव्वेचाळीस निघाल्या. सगळ्यांच्या कडेवर फाशांची चित्रं, सगळ्यांची शिवण एकाच जागी. आणखी अकरा होत्या त्या अगदी हलक्या, दोन ग्रॅमसुद्धा नाही. त्यांच्या काठाला दाते होते म्हणजे एकावर एक रचल्या की अडकून बसतात. याही घरगुतीच, पण पोकरच्या लाटेच्या खूप आधीच्या. सुट्टीत पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या कुठल्याही घरात असायच्या.

“म्हणजे त्या माणसाने तुला फसवलं,” आत्या म्हणाली.

“त्यांना कुणीतरी जे सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं असणार. संग्राहकाने यात रागवायचं नाही. वस्तू स्वतःबद्दल जे बोलते ते आधी ऐकायचं.”

उरल्या सात. त्यातल्या सहांवर नावं होती, आणि मला इथे जरा रेंगाळायचंय, कारण क्वीन्सलँडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने या सहा चिपांतून आपल्या राज्याचा चाळीस वर्षांचा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं.

चार ट्रेझरी कसिनोच्या, एक ज्युपिटर्स गोल्ड कोस्टची, एक टाउन्सव्हिलच्या शेरटन ब्रेकवॉटरची. ऑस्ट्रेलियातला पहिला कायदेशीर कसिनो टास्मानियात होबार्टला, रेस्ट पॉइंट, फेब्रुवारी १९७३मध्ये उघडला. त्याआधी १९६८ साली त्यावर तिथे सार्वमत घेतलं होतं. क्वीन्सलँडमध्ये गोल्ड कोस्टचा ज्युपिटर्स नोव्हेंबर १९८५मध्ये आला, टाउन्सव्हिलचा १९८६मध्ये, ब्रिस्बेनचा ट्रेझरी एप्रिल १९९५मध्ये.

“यात ओळखायचं काय? नाव तर लिहिलंय,” आत्या म्हणाली.

“नाव हीच तारीख असते, आत्या. टाउन्सव्हिलच्या त्या एका इमारतीने तीन नावं घेतली: आधी शेरटन ब्रेकवॉटर, मग ज्युपिटर्स टाउन्सव्हिल, आता द व्हिल. गोल्ड कोस्टचा ज्युपिटर्स २०१७मध्ये द स्टार झाला. सिडनीचा आधी सिडनी हार्बर कसिनो, मग स्टार सिटी, मग द स्टार. पाटी बदलली की चिपा बदलतात. त्यामुळे शेरटन लिहिलेली चिप हातात आली की तिचा काळ दोन पाट्यांमध्ये बंद होतो. ख्रिसमस बेटावर १९९३मध्ये कसिनो उघडला आणि १९९८मध्ये बंद पडला. त्याच्या चिपेला तारीख शोधायची गरजच नाही, पाचच वर्षं.”

“आणि ट्रेझरी?”

“तुला परवा ट्रेनने शहरात नेलं होतं ना, तेव्हा नदीजवळची ती दगडी कमानींची इमारत दाखवली होती. १८८६पासून १९२८पर्यंत टप्प्याटप्प्याने बांधली. क्वीन्सलँड सरकारची कचेरी, खजिना. पुढे तीत कसिनो आला. ऑगस्ट २०२४मध्ये तो बंद झाला आणि त्याच आठवड्यात शेजारी क्वीन्स व्हार्फला द स्टार ब्रिस्बेन उघडला. जुनी इमारत आता ग्रिफिथ विद्यापीठाने घेतली आहे.”

आत्याने ट्रेझरीची एक चिप उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिली.

“सरकारचा खजिना, मग जुगार, मग शाळा. क्रम तरी चांगला आहे,” ती म्हणाली. “पण मला सांग, ही चिप त्या माणसाच्या डब्यात कशी आली? ती परत देऊन पैसे घ्यायचे होते ना?”

तिने नेमकी नस पकडली होती. “कुणीतरी खिशात घालून घरी आणली. आठवण म्हणून, किंवा रांगेत उभं राहायचा कंटाळा आला म्हणून. कसिनोच्या वहीत ती देणं म्हणून राहते, पण कुणी मागायला आलंच नाही तर ते पैसे घराकडेच राहतात. पाच डॉलरची चिप बनवायला पाच डॉलर लागत नाहीत.”

“म्हणजे आठवणीचेही पैसे घेतले.”

“हो.”

“मग तुझ्या वहीत हे कुठे लिहितोस?”

माझ्या वहीत तेव्हा पाच रकाने होते. पहिला पदार्थ. दुसरा साचा. तिसरा मधला भाग. चौथा कड. पाचवा उपयोग. मी ते तिला एकेक करून दाखवत गेलो. प्रत्येक रकान्यात मला जितकं आश्चर्य वाटतं तितकंच तिला वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती.

पदार्थाचं बोलणं लांबलं. चिपा नेहमी मातीच्या नव्हत्या. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची श्रीमंत घराणी चीनच्या कँटन बंदरातून शिंपल्याचे काउंटर करवून घेत. गोल, लंबगोल, अगदी माशाच्या आकाराचेसुद्धा, आणि त्यांवर घराण्याचं चिन्ह कोरलेलं. अमेरिकेत हस्तिदंताच्या आणि हाडाच्या चकत्या होत्या. भिंगाखाली हाडावर बारीक काळसर छिद्रं दिसतात, हस्तिदंताच्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. ती जाळी दिसली की वस्तू बाजूला ठेवायची, कारण हस्तिदंत देशाबाहेर न्यायला-आणायला आंतरराष्ट्रीय करार आड येतो आणि परवान्याशिवाय त्याला हात लावू नये. फ्रान्समध्ये चौकोनी फळ्या चालतात, त्यांना प्लाक म्हणतात. बोन गावच्या बुर्गोन्य ए ग्रासे कंपनीने १९२०च्या दशकापासून त्या बनवल्या. १९८०च्या दशकात ‘सिरॅमिक’ चिपा आल्या. नाव चिनी मातीचं, वस्तू प्लास्टिकची, पण तिची छपाई या काठापासून त्या काठापर्यंत अखंड जाते, कडेवरसुद्धा. नखाला कुठेही सांधा लागत नाही. यावरूनच ती ओळखायची.

साच्याचं मी तिला अमेरिकी चिपांच्या एका फोटोवरून दाखवलं. चिपेच्या तोंडावर, काठालगत, बारीक उठावाची एक वर्तुळाकार नक्षी असते. ती कसिनोची नसते, कारखान्याची असते. लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंगच्या साच्यात छोटे मुकुट होते. पॉल एंडी यांनी १९६३मध्ये काढलेल्या पॉल-सन कंपनीचा साचा म्हणजे उंच टोपी आणि छडी, ओळीने सगळीकडे. टोपी-छडी दिसली की १९६३च्या आधीची कुठलीही हकिकत गळून पडते, मग सांगणारा कितीही प्रामाणिक असो.

“आणि हे रंगीत पट्टे?” आत्याने ट्रेझरीच्या चिपेच्या कडेवर बोट ठेवलं.

“गल्ल्यात रचलेल्या चिपेचं तोंड दिसत नाही, फक्त कड दिसते. विसांची चळत, शंभरांचा रॅक. छतावरच्या कॅमेऱ्याला आणि टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाला एका नजरेत मोजता यावी म्हणून प्रत्येक किमतीचे पट्टे वेगळे. जुन्या चांगल्या क्ले चिपेत हे पट्टे रंगवलेले नसतात. चिपेचा तुकडा कापून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि मग दाबतात. म्हणून पट्टा तोंडावर, कडेवर आणि पाठीवर सलग उतरतो. भिंग लावून कडेला बघितलं की सांधा दिसतो. नकली चिपेत रंग वरवरचा असतो.”

“तिळाच्या वडीत काजूचा तुकडा दाबतो तसं.”

“अगदी तसंच.”

मधल्या भागाचे दोनच प्रकार तिला सांगितले. गरम ठसा, म्हणजे सोनेरी किंवा चंदेरी वर्ख तापवून थेट चिपेवर उमटवलेला, जो हाताळताना झिजत जातो. आणि इनले, म्हणजे छापलेली कागदी चकती चिपेबरोबरच दाबून बसवलेली, जी नखाने निघत नाही. उपयोगाचा रकाना मात्र नवखे लोक विसरतात. रुलेटच्या टेबलावर प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग देतात. त्या चिपेवर किंमत नसते, ती त्या टेबलावर त्या खेळापुरती ठरते आणि टेबल सोडताना परत करायची असते. स्पर्धेच्या चिपेवर दहा हजार लिहिलेलं असलं तरी त्याचे दहा पैसेही मिळत नाहीत. आठवणीखातर काढलेल्या चिपा कधी टेबलावर गेलेल्याच नसतात. आणि शेवटी बघायचं ते भोक. कसिनोने रद्द केलेल्या चिपेला छिद्र पाडतात किंवा खाच मारतात.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. ती बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होती, मधे बोलत नाही. मग ती आत गेली आणि तिने माझ्या मुलीसाठी आणलेला डबा घेऊन आली. सावंतवाडीची गंजिफा. लाखेचा हात दिलेली गोल पानं, दशावतारी, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकशेवीस. तिने नरसिंहाचा राजा माझ्या चिपांशेजारी ठेवला.

“ही पण गोल आहे. ही पण खेळायचीच. आमच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवींनी आणि शिवरामराजेंनी राजवाड्यात ही कला जगवली नसती, तर आज तुझ्या लेकीला मी काय आणलं असतं? तुला गोल वस्तू जमवायची हौस आहे ना, मग ही जमव. हिच्यात कुणाचं घर गेलं नाही.”

“गंजिफावरही पैसे लावले जायचे, आत्या.”

“लावले असतील. पण ती बनवताना चिताऱ्याच्या मनात मत्स्य-कूर्म होते. ही बनवताना काय होतं? सांगू? माणसाला आपण पैसे टाकतोय हे कळू नये. हातातून शंभराची नोट सुटताना हात थरथरतो, रंगीत चकती सुटताना थरथरत नाही. तुझ्या पाच रकान्यांत सगळं आहे, फक्त ती ज्यासाठी केली ते नाही. माझे मामा गिरणीत होते, परळला. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लावायचे दिवस होते, मग मटका आला. पगार झाला की ते आधी आकडा लावत आणि मग घरी येत. मामी धुणं करायची. मामांच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, दोन बोटांएवढ्या. कुणी जपल्यात त्या? कुठल्या संग्रहालयात आहेत? आकडा घेणाऱ्याचं नाव मुंबईला पाठ आहे, लावणाऱ्याची चिठ्ठी मामीने चुलीत घातली. आणि तुमच्याकडे घराची बाजू कशी चकचकीत राहिली बघ. साचा कुणाचा, कारखाना कुणाचा, कसिनो कुणाचा. हरलेल्या माणसाची यात काही खूण आहे का?”

मी गप्प बसलो. वादात हरल्यासारखं वाटून नव्हे. माझ्या हातात त्या वेळी सातवी चिप होती म्हणून.

सातवीवर नाव नव्हतं. वजन ९.१ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटरला किंचित कमी. लोहचुंबक लागलं नाही. कडेला चार पट्टे, सांधे आरपार, म्हणजे अस्सल दाबून केलेली क्ले. मध्ये गरम ठशाची दोन अक्षरं होती, त्यांतलं दुसरं केवळ तिरप्या उजेडात कळत होतं. साच्याची नक्षी जवळजवळ सपाट झालेली. नव्या चिपेची कड धारदार असते, बोटाला टोचते. हिची कड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गोल झाली होती, आणि ती गोलाई एकसारखी नव्हती. जिथे अंगठा आणि तर्जनी बसतात तिथे जास्त.

“आत्या, ही बघ. हिला हात लावल्यावर हात मात्र धू, जुन्या चिपांत वजनासाठी शिशाचा अंश असायचा.”

तिने ती तळहातावर घेतली. अंगठा कडेवरून फिरवला. बोलली नाही.

“तू विचारलंस ना खूण कुठे आहे म्हणून. ही खूण. बाजारात या चिपेला भाव नाही. संग्राहकाला हवी असते कोरी, धारदार कडेची, कुणाचा हात न लागलेली. झिजलेलीची किंमत निम्म्याच्याही खाली जाते. पण एवढी झीज व्हायला ती किती हातांतून गेली असेल.”

“ही त्या व्हॅलीतली असेल?”

“सांगता येत नाही. चोरटा अड्डा आपलं नाव चिपेवर कशाला छापेल? अमेरिकेत १९३०-४०च्या काळात अशा शेकडो अड्ड्यांनी नुसती दोन अक्षरं घालून चिपा मागवल्या. पुढे काही कारखान्यांची ऑर्डरची कार्डं संग्राहकांच्या हाती लागली, कुठल्या अक्षरांच्या चिपा कुठल्या पत्त्यावर पाठवल्या ते त्यावरून कळलं, तेव्हा कुठे त्यांना घर मिळालं. व्हॅलीचं असं कार्ड माझ्यापुढे नाही. तिथे अड्डे होते हे मात्र खरं. पोलीस आणि मंत्री म्हणायचे की असं काही नाहीच. मे १९८७मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमात ‘द मूनलाइट स्टेट’ हा वृत्तपट दाखवला गेला, कूरिअर-मेल या वर्तमानपत्रात फिल डिकी लिहीतच होते, मग पोलिसांच्या भ्रष्टाचाराची फिट्झजेराल्ड चौकशी बसली. १९८९मध्ये अहवाल आला. पोलीस आयुक्त टेरी लुईस तुरुंगात गेले.”

“मग लिही ना. त्या माणसाने सांगितलंय की वडील तिथे कामाला होते. लिहून ठेव.”

“तसं लिहिलं की भाव वाढतो, आत्या. विकणारे हेच करतात. चव्वेचाळीस चिपांच्या बाबतीत ती हकिकत खोटी ठरली. पंचेचाळिसाव्या वेळी मी ती कशी खरी धरू?”

“खरी धर असं कोण म्हणतंय? शाळेच्या रजिस्टरात मुलाची जन्मतारीख आम्ही दोन प्रकारे लिहायचो. दाखला असेल तर तारीख. दाखला नसेल तर ‘पालकांच्या सांगण्यावरून’. दोन्ही लिहायचो, पण एकात दुसरं मिसळायचो नाही. पुढे कुणाला दाखला सापडला तर? तू सांगणं पुसून टाकलंस तर त्याला जोडायला काही उरणारच नाही.”

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ती बरोबर होती. मी इतकी वर्षं चिप स्वतःबद्दल बोलते तेवढंच लिहीत आलो आणि माणसाने सांगितलेलं टाकून देत आलो. भाव फुगवणाऱ्यांचा राग होता म्हणून. त्या रागात किती घरांची सांगणी गेली असतील.

पण दुसऱ्या बाबतीत मी हटलो नाही. आत्याचं म्हणणं होतं की सहा नावांच्या चिपा परत विकून टाक, झिजलेली तेवढी ठेव, नाहीतर घरात जुगाराचं कौतुक होईल, मुलगी मोठी होतेय. मी म्हटलं, माणशी हिशेब केला तर जुगारात सर्वाधिक पैसे घालवणाऱ्या देशात माझी मुलगी वाढते आहे. इथल्या क्लबांत ‘पोकी’, म्हणजे जुगाराची मशिनं असतात आणि तिथेच रविवारचं जेवणही मिळतं. तिला हे लपवून ठेवता येणार नाही. महाराष्ट्राने १९७६मध्ये कसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. आमच्याकडे ती सोय नाही. तिने ही चिप हातात घ्यावी, तोलावी, आतून काय आहे ते बघावं, आणि ती कशासाठी इतकी देखणी केली आहे ते तिला कळावं. मशिनसमोर बसायच्या आधी.

“तू तिला साचा शिकवशील आणि ती साच्याच्या प्रेमात पडेल,” आत्या म्हणाली. “तू पडलास तसा.”

“पडू दे. मी आजवर एकदाही टेबलावर बसलेलो नाही.”

“ते तुझं. सगळ्यांचं तसं नसतं. सावंतवाडीहून पणजी दीड तास. आमच्या आळीतली पोरं शनिवारी गाडी करून मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर जातात. २००१मध्ये पहिली बोट आली तेव्हा लोक बघायला जायचे, आता खेळायला जातात. गोव्याने २०२०मध्ये गोवेकरांना आत जायला बंदी केली. मग आत कोण जातं? आमची पोरं. येताना खिशात एखादी चिप असते आणि मित्रांना दाखवतात, पदक मिळवल्यासारखी. किती हरले ते सांगत नाहीत.”

इथे आमचं बोलणं थांबलं. आमचं पटलं नव्हतं, पण भूक लागली होती. आत्याने सोलकढी केली. जेवून उठल्यावर मी वहीत दोन रकाने वाढवले. सहावा: झीज, कुठे आणि किती. सातवा: ‘सांगण्यावरून’. चिपा धुतल्या नाहीत, पुसल्याही नाहीत. जुन्या क्ले चिपेला पाणी आणि साबण लावला की रंग मरतो. सातव्या चिपेपुढे सातव्या रकान्यात विकणाऱ्या गृहस्थांचं वाक्य तारखेसकट लिहिलं आणि बाकीच्या रकान्यांत अड्ड्याचा उल्लेख केला नाही. आत्याने वाचून मान हलवली. नरसिंहाचा राजा तिने परत डब्यात ठेवला. चिपांच्या पेटीत ठेवू दिला नाही.

अमेरिकेत चिपा जमवणाऱ्यांची संघटना १९८८पासून आहे. साच्यांच्या याद्या आहेत, किमतींची पुस्तकं आहेत. मांडवीतल्या बोटींच्या चिपांची अशी यादी मराठीत, कोकणीत माझ्या पाहण्यात नाही, आणि बोटींची नावं नि मालक तर बदलत असतात. कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्ग, पुणे, कुठल्याही घरच्या ड्रॉवरमध्ये अशी एखादी चिप पडलेली असेल तर ती धुऊ नका. वजन करा, लोहचुंबक लावून बघा, कडेचा सांधा बघा आणि एका कागदावर लिहून पाकिटात घाला: कुठल्या बोटीवरची, कुठल्या वर्षीची, कुणी आणली. त्या रात्री किती गेले हे ठाऊक असेल तर तेही खाली, वेगळ्या ओळीत, ‘सांगण्यावरून’ म्हणून लिहा.